मोझार्टची बायको: पडद्यावरची आणि खरी

थोर कलावंतावरचा चित्रपट पाहताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. तो बिचारा कलेत बुडालेला, आणि बायको? एक तर डोळे पुसत दारात उभी, नाही तर पैशांवरून कटकट करणारी! आपणही ‘काय बाई पदरी पडली त्याच्या!’ म्हणून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, त्या बाईची बाजू कधी कुणी विचारली का?

१९८४ साली आलेला ‘अमेडियस’ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. व्हिएन्नाचा संगीतकार मोझार्ट आणि त्याच्यावर जळणारा दरबारी संगीतकार सालिएरी यांची ही गोष्ट. आठ ऑस्कर मिळालेला, खरोखरच देखणा चित्रपट. त्यात मोझार्टची बायको कॉन्स्टान्झे दिसते ती खिदळणारी, अल्लड. नवऱ्याच्या नकळत त्याचे कागद घेऊन ती सालिएरीकडे जाते. पुढे खचलेल्या नवऱ्याला सोडून मुलासह निघून जाते, ती परतते थेट त्याच्या अखेरच्या घटकेला.

आता खरी हकिगत ऐका. १७८२ च्या ऑगस्टमध्ये दोघांचं लग्न झालं. सासऱ्यांना ही सून पसंत नव्हती. त्यांचं संमतीचं पत्र आलं ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी! कॉन्स्टान्झे स्वतः गाणाऱ्यांच्या घरातली, गळा तयार असलेली. नऊ वर्षांत तिची सहा बाळंतपणं झाली, त्यातली चार मुलं तान्हेपणीच गेली. ती बाडेन गावी जाऊन राहायची हे खरं, पण रुसून नव्हे. प्रकृतीसाठी तिथल्या गरम झऱ्यांचा उपचार चालू होता, आणि नवऱ्याची मायेची पत्रं तिला तिथे येत होती. ५ डिसेंबर १७९१ ला मध्यरात्रीनंतर मोझार्ट गेला तेव्हा ती व्हिएन्नातच, घरीच होती.

त्या वेळी तिच्या पदरात सात वर्षांचा एक आणि चार महिन्यांचा एक, असे दोन मुलगे. वर कर्ज. नवऱ्याच्या नोकरीची दहा वर्षं भरलेली नव्हती, म्हणून नियमानं पेन्शनही नाही. या बाईनं काय करावं? आठवड्याच्या आत थेट सम्राटाकडे अर्ज केला! अखेर वर्षाला २६६ गुल्डन मंजूर झाले, म्हणजे नवऱ्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. त्यात घर थोडंच चालणार? मग तिनं नवऱ्याच्या संगीताचे कार्यक्रम लावले, गावोगाव हिंडली, स्वतः गायली. अर्धवट राहिलेलं ‘रेक्विएम’ त्याच्या शिष्याकडून पुरं करून घेतलं आणि उरलेली बिदागी मिळवली. मोझार्टची हस्तलिखितं जपली आणि पुढे योग्य प्रकाशकाला विकली. दुसरे पती निसेन यांनी मोझार्टचं चरित्र लिहायला घेतलं. ते वारल्यावर तिनं ते पुरं करवून १८२८ मध्ये छापून आणलं.

सालिएरीवरही असाच अन्याय झाला आहे. पडद्यावर तो ब्रह्मचारी आणि मोझार्टच्या जिवावर उठलेला. प्रत्यक्षात त्याला बायको होती, आठ मुलं होती. मुख्य म्हणजे कॉन्स्टान्झेनं आपला धाकटा मुलगा शिकायला पाठवला तो याच सालिएरीकडे! नवऱ्याला छळून मारणाऱ्याच्या हाती कुठली आई आपलं लेकरू देईल, तुम्हीच सांगा.

तर मग चित्रपट पाहूच नये का? अवश्य पाहावा. त्यात सारी गोष्ट म्हातारा सालिएरी आपल्या तोंडानं सांगतो, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं. पण मुलं शेजारी बसून पाहत असतील, तर चहाच्या वेळी त्यांना दोन शब्द जरूर सांगा. म्हणावं, ही बाई नवऱ्याच्या मागे पन्नास वर्षं जगली, दोन्ही मुलगे वाढवले, आणि त्याचं संगीत आज आपल्या कानी पडतं त्यात तिचाही वाटा आहे. पडद्यावर तिला एवढी जागा मिळाली नाही. आपल्या घरात तरी मिळू द्या.