आकाशातला पाट

पॉन्टकसिल्टे हे नाव मराठीत नीट लिहिता येत नाही. त्यातला वेल्श 'ल' म्हणताना जीभ टाळूला टेकवून कडेने फुंकर सोडावी लागते. आपला 'ळ'ही इथे कामाचा नाही. उच्चार जमो न जमो, वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यातल्या या जलसेतूवरून स्वतः नाव हाकत जायला लोक लांबून येतात.

नाव म्हणजे नॅरोबोट. रुंदी जेमतेम दोन मीटर, लांबी मात्र एकवीस मीटरपर्यंत. आत झोपायच्या जागा, चूल, न्हाणीघर. ती भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही. अर्धा-पाऊण तासाच्या शिकवणीनंतर सुकाणूचा दांडा हाती दिला जातो. दांडा डावीकडे ढकलला की नावेचे नाक उजवीकडे वळते. नवखा माणूस पहिल्या दिवशी हे विसरतो आणि थेट काठावरच्या झुडपात घुसतो. वेगाची मर्यादा ताशी साडेसहा किलोमीटरच्या आत, त्यामुळे काठावरून कुत्र्याला फिरवणारे आजोबा सहज पुढे निघून जातात.

लँगॉलेन कालव्यावर इंग्लंडमधून येताना पहिला जलसेतू लागतो चर्कचा. 1801 साली पुरा झालेल्या या दगडी सेतूचे एक टोक इंग्लंडात, दुसरे वेल्समध्ये. शेजारीच, त्याहून उंच, रेल्वेचा पूल आहे. कालव्याचे दिवस भरत आले होते हे त्या उंचीवरूनच कळते. सेतू संपतो न संपतो तोच 421 मीटरचा काळोखा बोगदा. आत शिरण्याआधी समोरून दिवा येत नाही ना, हे बघायचे.

आणि मग डी नदीचे खोरे.

थॉमस टेलफर्ड हा मेंढपाळाचा मुलगा, हातात छिन्नी घेऊन पाथरवट म्हणून घडलेला. अनुभवी विल्यम जेसप यांच्या देखरेखीखाली त्याने 1795 ते 1805 या काळात इथे पॉन्टकसिल्टेचा सेतू उभारला. लांबी 307 मीटर, नदीपासून उंची 38 मीटर. दगडी खांब वरच्या भागात पोकळ ठेवले, म्हणजे भार हलका. त्यांच्यावर ओतीव लोखंडाच्या एकोणीस कमानी आणि कमानींवर लोखंडी पन्हळ. जड दगडी पात्राऐवजी पन्हळ वापरायची ही युक्ती नसती, तर एवढ्या उंचीवर पाणी नेणे परवडलेच नसते. पत्र्यांचे सांधे बुजवायला साखरेच्या पाकात उकळलेले फ्लॅनेल वापरले, असे सांगतात.

घोड्यांनी नावा ओढायची पायवाट पन्हळीतच, पाण्याच्या वर तोललेली आहे. त्यामुळे नावेने पुढे रेटलेले पाणी वाटेखालून मागे सरकते. नाहीतर अरुंद पन्हळीत नाव हललीच नसती. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काही नाही! पन्हळीची लोखंडी कड पाण्याच्या जेमतेम वीतभर वर, आणि तिच्यापलीकडे सरळ झाडांचे शेंडे. दोन नावा शेजारून जाऊ शकत नाहीत, म्हणून समोरची येईपर्यंत टोकाला थांबावे लागते. तेवढ्यात कुणीतरी चहा टाकतो.

कोळसा, लोखंड आणि चुनखडीसाठी काढलेला हा कालवा ठरल्याप्रमाणे कधीच पुरा झाला नाही. रेल्वे आली, माल आटला, आणि 1944 साली कायद्याने तो नावांसाठी बंद झाला. त्याच वर्षी एल. टी. सी. रोल्ट यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक आले आणि कालव्यांवरच्या नौकाविहाराची गोडी लोकांना लागली. पण कालवा वाचला तो केवळ हौसेने नाही. लँगॉलेनच्या वर टेलफर्डने डी नदीवर बांधलेल्या अर्धचंद्राकार बंधाऱ्यातून त्यात पाणी येते, आणि ते वाहत वाहत चेशरमधल्या हर्ल्स्टनच्या जलाशयात पोचते. नावांनी टाकलेला कालवा पिण्याच्या पाण्याने सांभाळला, म्हणजे खरे तर तो पाटच झाला. युनेस्कोने 2009 साली सेतूसह 18 किलोमीटरचा पट्टा जागतिक वारसा यादीत घेतला.

सेतूनंतर ट्रेव्हरच्या धक्क्याजवळ डावीकडे काटकोनात वळले की कालवा डोंगराच्या कडेने अरुंद होत जातो. काही ठिकाणी एकच नाव मावते, तेव्हा सोबत्यांपैकी एकाने काठाने पुढे पळत जाऊन समोरच्यांना थांबवायचे. लँगॉलेनच्या पुढे तर भाड्याच्या नावांना मज्जावच. तिथून बंधाऱ्याकडे 1884 पासून सहलीच्या नावा घोडे ओढत नेऊ लागले.