वाळवणखोलीतील गॅस हीटर : पावसाळ्यापूर्वी एकदा उघडून पाहा

सांगली-साताऱ्याकडे कापडाचा धंदा करणाऱ्यांना पावसाळा म्हणजे काय, हे सांगायला नको. रंगवलेला माल दोरीवर वाळत नाही, दमट राहिला तर बुरशीचा वास धरतो, आणि असा माल गिऱ्हाईक हात लावून परत ठेवतो. म्हणून आपल्यापैकी काहींनी वाळवणखोलीत छताला टांगलेला गॅसचा हीटर बसवून घेतला आहे. त्याची रचना साधी आहे. खाली बर्नर, त्यावर पत्र्याच्या नळ्या, मागे पंखा. जळका धूर नळ्यांतून चिमणीवाटे बाहेर जातो आणि पंख्याची हवा नळ्यांच्या बाहेरून तापून खोलीत येते. धूर आणि हवा यांची गाठ पडता कामा नये. सगळी मशिनरी या एका गोष्टीवर उभी आहे.

ही गोष्ट आम्ही नीट समजून घेतली ती २०२२ च्या पावसाळ्यात, आणि तीही जवळजवळ एक जीव गमावून. आमच्या मेहुण्यांच्या साताऱ्यातील खोलीत काम करणारी पोरे आठवडाभर डोके दुखते म्हणत होती. रंगाच्या वासाने होत असेल, असे म्हणून आम्ही ते उडवून लावले. एका सकाळी त्यांतला धाकटा गाठीवरच कोसळला. त्याला उचलून मोकळ्या हवेत आणले, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तेव्हा तो वाचला. मिस्त्रीने चिमणी उघडली तर आत कबुतराचे घरटे! धुराला वाट नव्हती, तो खोलीत परत येत होता. अशा धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. सिलिंडरच्या गॅसचा जो वास आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो, आणि तो बर्नरमध्ये जळून जातो. तेव्हा नाकावर भरवसा ठेवणे ही गफलत आहे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर अशी तक्रार दोघांतिघांची एकदम आली की प्रथम हीटर बंद करा, माणसे बाहेर काढा, चौकशी मागाहून.

ज्योत पाहायची सवय ठेवा. निळी आणि स्थिर असेल तर ठीक. पिवळी, लांब, काजळी धरणारी असेल तर हवा कमी पडते आहे. आपल्या धंद्यात याचे कारण बहुधा एकच, कापसाची बारीक लव. ती बर्नरच्या हवेच्या भोकांत आणि पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखी बसते. गॅस बंद करून, हीटर गार झाल्यावर मऊ ब्रशने ती काढावी. जेटच्या भोकात तार घालू नये. भोक मोठे झाले की ज्योत कायमची बिघडते. नळ्यांना तडा किंवा गंजाचे भोक दिसले तर वेल्डिंगची घाई नको, तो भाग बदलावा लागतो.

पायलट पेटते पण बटण सोडताच विझते, ही तक्रार सर्वांत जास्त. अशा वेळी थर्मोकपल पाहा. त्याचे टोक ज्योतीत आहे का, काजळी धरली आहे का, पेच ढिला आहे का. नाही तर नवे घाला, ते फार महाग नसते. बर्नर पेटल्यावर पंखा थोडा उशिरा सुरू होतो, तो बिघाड नव्हे. नळ्या तापायची तो वाट पाहतो. पण हीटर तापून वारंवार आपोआप बंद पडत असेल तर पंख्याची हवा कुठेतरी अडते आहे. काही कारागीर अशा वेळी लिमिट स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून काम चालवतात. त्या कारागिराला चहा पाजा आणि घरी पाठवा.

थंड सकाळी सिलिंडरवर दव किंवा बर्फ धरून ज्योत मंद होते, त्याचा अर्थ एका सिलिंडरवर भार जास्त आहे. त्याला शेकत बसू नका. वितरकाकडून दोन व्यावसायिक सिलिंडरांची जोडणी करून घ्या. घरगुती लाल सिलिंडर कारखान्यात लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडीने नव्हे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत आणि गटारात साठतो. वास आला तर बटण चालू-बंद काहीही न करता व्हॉल्व्ह बंद करावा, दारे उघडावीत, बाहेर जाऊन १९०६ वर फोन करावा. पाइपचा नैसर्गिक गॅस घ्यायचा झाल्यास जेट आणि रेग्युलेटर बदलावे लागतात. जुन्याच जेटवर तो नीट चालणार नाही.

राहिली पुराची गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमचाही एक हीटर बुडाला. उन्हात वाळवून तो पेटवावा असे आम्हांला वाटले होते. जाणत्या मिस्त्रीने हात धरला. पाण्याखाली गेलेला गॅस व्हॉल्व्ह वरून कोरडा दिसला तरी आत गाळ आणि गंज राहतो, आणि तो नेमका बंद व्हायच्या वेळी अडकतो. व्हॉल्व्ह आणि सगळी वायरिंग आम्ही नवी घातली. यंदा मृगाच्या आधी दोन्हीकडच्या चिमण्या उघडून पाहिल्या. साताऱ्याच्या चिमणीवर आता टोपी आणि जाळी आहे, आणि तो पोरगा त्याच खोलीत काम करतो.