हृदयाला पहिला यशस्वी टाका: लुडविग रेन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यचिकित्सकांचे हात जठरापर्यंत आणि स्वरयंत्रापर्यंत पोहोचले होते, तरी अखंड हलणाऱ्या हृदयावर सुई चालविणे अशक्य आहे, असेच बहुतेक जाणकार मानत. ती समजूत मोडण्याचा मान जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन (1849–1930) यांच्याकडे जातो. मारबुर्ग येथे वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या रेन यांनी आधी फ्रँकफुर्टच्या परिसरात व्यवसाय केला आणि 1886 पासून त्या शहराच्या रुग्णालयातील शल्यविभाग सांभाळला.

सप्टेंबर 1896 मध्ये छातीत सुरीचा वार झालेला 22 वर्षांचा एक तरुण तेथे दाखल झाला. हृदयाभोवतीच्या पिशवीसारख्या आवरणात रक्त साचले की बाहेरून दाब पडून हृदयाला पुरेसे फुलता येत नाही आणि नाडी बुडू लागते. या तरुणाचेही तसेच होत होते. 9 सप्टेंबर रोजी रेन यांनी छाती उघडली, तेव्हा उजव्या निलयाला, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त ढकलणाऱ्या कप्प्याला, सुमारे दीड सेंटीमीटरची जखम आढळली. बोटाने रक्तस्राव दाबून धरीत, हृदय फुलण्याच्या क्षणी सुई घालून त्यांनी रेशमी धाग्याचे तीन टाके घातले आणि नाडी सुधारली. नॉर्वे आणि इटलीत असे प्रयत्न आधी झाले होते, परंतु ते रुग्ण दगावले. रेन यांचा रुग्ण मात्र जगला.

या यशाच्या झळाळीत त्यांचे दुसरे काम झाकले गेले, हे खेदाचे आहे. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनविणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळतात, हे त्यांनी 1895 मध्येच शल्यचिकित्सकांच्या परिषदेत मांडले होते. त्यांचा संशय अ‍ॅनिलिनवर होता. खरे दोषी नॅफ्थिलअमाईन, बेन्झिडीन यांसारखे त्याच कारखान्यांतील जवळचे पदार्थ असल्याचे पुढे दिसून आले, तरी रोगाचे मूळ कामाच्या जागेत शोधण्याची त्यांची दिशा अचूक होती.

1914 मध्ये फ्रँकफुर्ट विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते तेथे शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. तीन टाक्यांनी एक तरुण वाचला आणि हृदयशल्यचिकित्सेचा मार्ग खुला झाला, हे खरेच. पण रंगकामगारांच्या आजाराकडे वेळीच बोट दाखविणारा वैद्य म्हणूनही रेन यांचे नाव तितक्याच आदराने घेतले गेले पाहिजे.