शुश्रूषा करणाराची शुश्रूषा

घरांत कोणास विषमज्वर झाला म्हणजे शेजारीपाजारी विचारपूस करावयास येतात. कोणी मोसंबीं आणून देतो, कोणी रात्रीं जागावयास बसतो. तोच आजार मनाचा असला म्हणजे दार लोटून घेतलें जातें, बोलण्याचा आवाज खालीं येतो, आणि घरांतील एखादें माणूस, बहुधा आई, पत्नी किंवा बहीण, त्या लोटलेल्या दाराआड वर्षानुवर्षें एकटें जागत राहतें. रोग्याविषयीं थोडेंबहुत लिहिलें जातें. या जागणाऱ्या माणसाविषयीं फारच थोडें. म्हणून त्याच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या आजारासंबंधीं आम्ही बोलत आहों त्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात, मराठींत छिन्नमनस्कता. हें नांव ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानें १९०८ सालीं योजिलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें जगांत सुमारें ३०० माणसांमागें एकास हा आजार असतो. बहुधा ऐन तारुण्यांत तो सुरू होतो. नसलेले आवाज ऐकूं येणें, कोणी आपल्या वाईटावर आहे असा दृढ संशय बसणें, विचारांची सांखळी तुटणें, हीं त्याचीं ठळक लक्षणें. स्नान नको, बोलणें नको, अंथरुणांतून उठणें नको, अशी जी उदासीनता येते तीहि आजाराचेंच लक्षण आहे, आळस नव्हे. १९५२ सालीं पॅरिसमध्यें डिले व डेनिकर यांनीं क्लोरप्रोमॅझिन हें औषध अशा रोग्यांस देऊन पाहिलें, आणि औषधोपचाराचें नवें युग सुरू झालें. डॉक्टरांनीं दिलेलें औषध नियमितपणें घेणें हा आजहि उपचाराचा पाया आहे. पुढें आम्ही जें सांगणार आहों तें औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागीं नव्हे.

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शुचिता हे चार गुण असावे असें तेथें म्हटलें आहे. परिचारकाला एवढें मानाचें स्थान मिळालें, पण तो पाद स्वतःच लचकला तर काय करावें, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाहीं. रोग्याच्या गोळीची वेळ चुकली कीं दहा जण विचारतात; गोळी देणारी जेवली कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. तिची झोप तुटते, समारंभांस जाणें बंद होतें, मैत्रिणी दुरावतात. “माझ्यामागें याचें कसें होईल?” हा प्रश्न तर तिच्या उशाशीं रोज असतो.

यांत आणखी एक शल्य असतें, तें म्हणजे अपराधाची भावना. १९४८ सालीं फ्रीडा फ्रॉम-राइखमान या विदुषीनें अमेरिकेंत असें मत मांडलें कीं आईच्या विशिष्ट वागण्यामुळें मुलास हा विकार जडतो. पुढील संशोधनानें तें टिकलें नाहीं आणि शास्त्रानें तें टाकून दिलें. मेंदूची घडण, आनुवंशिकता व परिस्थिति यांच्या संयोगानें हा आजार होतो. कोणत्याहि आईनें “माझें कोठें चुकलें?” असें म्हणून झुरण्याचें कारण नाहीं, आणि नातलगांनीं तर तसें सुचविणेंहि पाप आहे.

आजार घरामुळें होत नसला तरी घरांतील वातावरणाचा परिणाम त्यावर होतो, हें मात्र खरें. लंडनमध्यें जॉर्ज ब्राउन व त्यांचे सहकारी यांनीं रुग्णालयांतून घरीं परतलेल्या रोग्यांची पाहणी केली. १९७६ सालीं क्रिस्टीन व्हॉन आणि ज्यूलियन लेफ यांनीं तोच विषय पुढें नेला. ज्या घरांत सतत दोष काढले जातात, वैरभाव दिसतो किंवा अतिकाळजीनें रोग्यास श्वासहि मोकळा घेऊं दिला जात नाहीं, तेथें आजार उलटण्याचें प्रमाण अधिक आढळलें. आपल्याकडे चंदीगडला अशीच पाहणी झाली. तेथील नातलगांत हा ताठरपणा लंडनच्या मानानें बराच कमी आहे, असें १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्याहि पूर्वीं, १९५० नंतरच्या दशकांत, अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं रोग्यांच्या नातलगांना आवारांत तंबू ठोकून राहूं दिलें व त्यांना उपचारांत सामील करून घेतलें. कुटुंब हें औषधाइतकेंच उपयोगी पडतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

परंतु कुटुंबानें शांत राहावें, असें सांगणें सोपें आहे. दोष काढणारी जीभ बहुधा दुष्ट नसते. ती थकलेली असते. तीन रात्रीं न झोपलेल्या माणसाकडून गोड शब्दाची अपेक्षा करणें म्हणजे कोरड्या विहिरींत पोहरा सोडण्यासारखें आहे. म्हणून रोग्याच्या हितासाठींच शुश्रूषा करणाराच्या मनाची काळजी घेतली पाहिजे.

ही काळजी घेण्याचा एक मार्ग अलीकडे बराच बोलला जातो. त्यास इंग्रजी जाणणारे माइंडफुलनेस म्हणतात. आम्ही त्यास अवधान म्हणूं, कारण कीर्तनास बसलेल्या श्रोत्यांना हा शब्द नवा नाहीं. पाली भाषेंतील ‘सति’, म्हणजे संस्कृतांतील ‘स्मृति’, हें त्याचें मूळ; ऱ्हिस डेव्हिड्स या पंडितानें १८८१ सालीं त्याला तो इंग्रजी प्रतिशब्द दिला. १९७९ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेंत जॉन कबाट-झिन यांनीं जुनाट दुखण्यांनीं गांजलेल्या लोकांसाठीं अभ्यासक्रम आंखला. त्यांत कोणत्याहि पंथाची दीक्षा नव्हती. जें आतां घडत आहे त्याकडे, तें बरें कीं वाईट असा निवाडा न करतां, लक्ष देणें एवढेंच शिकविलें जाई. पुढें स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची व मनोरुग्णांची सेवा करणाऱ्या नातलगांसाठींहि असे वर्ग निघाले. त्यांच्या चांचण्या थोड्या व लहान आहेत. म्हणून चमत्काराची भाषा आम्ही करीत नाहीं. ताण व खिन्नता कांहीं प्रमाणांत उतरते, असें त्यांवरून दिसतें, आणि थकलेल्या माणसास तेंहि थोडें नव्हे.

अभ्यास करावयाचा तो असा. सकाळीं घर जागें होण्यापूर्वीं दहा मिनिटें ताठ पण सैल बसावें आणि श्वास आंत येतो, बाहेर जातो, इकडे लक्ष ठेवावें. मन पळेल, तो त्याचा धर्मच आहे. वर्गांतून पळालेल्या मुलास छडी न मारतां हात धरून जागेवर आणून बसवावें, तसें त्यास परत आणावें. शंभर वेळां पळालें तर शंभर वेळां आणावें. हें परत आणणें हाच अभ्यास. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यावें. दांत आवळलेले आहेत, खांदे कानांपर्यंत चढले आहेत, हें पुष्कळांस तेव्हांच प्रथम कळतें.

खरी कसोटी मात्र दुपारीं पानावर बसल्यावर लागते. मुलगा ताट दूर लोटतो आणि म्हणतो, “यांत कोणी तरी विष कालवलें आहे.” आपल्या जिभेवर उत्तर तयारच असतें: “वेडेपणा करूं नकोस, मी स्वतः केलें आहे!” मग वाद, मग आरडाओरड, मग दोघेंहि उपाशी. अशा वेळीं एक पूर्ण श्वास घ्यावा, पाय जमिनीस टेकले आहेत हें जाणावें, आणि मग बोलावें: “तुला भीति वाटते आहे ना? मी इथेंच बसतें. थोड्या वेळानें पाहूं.” त्याच्या संशयास होकार द्यावयाचा नाहीं आणि त्याचें खंडनहि करावयाचें नाहीं, त्याच्या भीतीस उत्तर द्यावयाचें. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा धात्वर्थच मुळीं ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्यास मागाहून आला. त्या एका श्वासानें ही ऐकण्याची इच्छा शाबूत राहते.

येथपर्यंत सर्व ठीक. पण हाच उपदेश आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईस आम्हीं केला, तेव्हां त्या बाईंनीं आम्हांस निरुत्तर केलें. घरांत सात कर्तीं माणसें. मुलगा ११ वर्षें आजारी. आणि त्याचें सर्व कांहीं या एका बाईंकडे. त्या म्हणाल्या, “मास्तर, डोळे मिटून बसायला मी तयार आहें. पण तेवढा वेळ त्याच्यापाशीं डोळे उघडे ठेवून कोण बसणार, तेवढें सांगा.”

या प्रश्नास बगल देऊन अवधानाचा उपदेश करणें हा अन्याय आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. एकटीच्या डोक्यावर सात जणांचें ओझें ठेवावयाचें आणि वर तिला श्वास कसा घ्यावा हें शिकवावयाचें, हें ओझ्याच्या बैलास उपनिषद सांगण्यासारखें झालें. त्या बाईंचे थोरले दीर जवळच बसले होते. त्यांनीं त्याच संध्याकाळीं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नांवें लिहिलीं: सोमवारीं व गुरुवारीं फिरावयास नेण्याचें काम त्यांचें स्वतःचें, रोज रात्रीं गोळी देण्याचें धाकट्या जावेचें, रविवारची दुपार पुतण्याची. पहिले कांहीं दिवस त्या बाईंनीं मोकळ्या वेळांत ध्यान मुळींच केलें नाहीं, त्या झोपल्या. तेंच योग्य होतें. पुढें केव्हां तरी त्या सकाळीं दहा मिनिटें बसूं लागल्या. मुलगा बरा झाला असें आम्ही लिहिणार नाहीं. त्याचे कांहीं दिवस चांगले जातात, कांहीं जात नाहींत. पण आतां वाईट दिवशीं त्या घरांत दोन माणसें एकमेकांवर ओरडत नाहींत, आणि डॉक्टरांकडे जातांना आईबरोबर आणखी एक जण असतो.

कांहीं सूचना आवश्यक आहेत. रोग्यास दीर्घ मौनाच्या शिबिरास डॉक्टरांस विचारल्याशिवाय पाठवूं नये. तीव्र आजारांत तें अपायकारक होऊं शकतें. मारहाणीचा प्रसंग येतां श्वास मोजीत बसूं नये. स्वतः सुरक्षित जागीं जावें व मदत बोलवावी. शुश्रूषा करणारासच जगणें नको वाटूं लागलें, तर त्याला डॉक्टर पाहिजे, केवळ ध्यान नव्हे. २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें सरकारी उपचार मिळण्याचा हक्कहि दिला आहे. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन व चेन्नईची १९८४ सालीं निघालेली स्कार्फ, या संस्था रोग्यांसाठीं व त्यांच्या कुटुंबीयांसाठीं काम करतात. समदुःखी चार घरें एकत्र बसलीं कीं लाज अर्धी होते.

एकत्र कुटुंबाची थोरवी आपण पुष्कळ गातों. ती थोरवी खरी कीं नुसती तोंडची, याची परीक्षा अशाच आजारांत होते. ज्या घरांत असें एखादें माणूस जागत असेल, त्या घरांतील इतरांनीं हा अंक बाजूस ठेवतांच त्याच्याकडे जावें व आठवड्यांतील एक ठराविक वेळ मागून घ्यावी. “कांहीं लागलें तर सांगा” एवढ्यावर भागवूं नये. आणि त्या माणसानें, ती वेळ मिळाली म्हणजे, संकोच न धरतां ती घ्यावी.