घट घडविणारे हात

आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या मंगल प्रभाती घरोघरी घट बसतो. पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरले जाते, मधोमध जलपूर्ण घट ठेवला जातो आणि नित्य एक माळ चढविली जाते. आदिशक्ती त्या घटात अधिष्ठित झाली, ही आपली श्रद्धा. परंतु देवीचे आवाहन होण्यापूर्वी ज्या हातांनी त्या घटाला आकार दिला, त्यांचे स्मरण आपणांस कितीसे होते? आजच्या पुण्यदिनी कुंभाराच्या त्या साधनेचा परिचय करून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

नवरात्राचे बरेचसे घट पावसाच्या दिवसांतच घडवावे लागतात, हीच मोठी कसोटी होय. नदीकाठची वा तळ्यातली माती आधीच आणून ठेवलेली असते. ती वाळवून, कुटून, चाळून भिजत घालतात आणि राख किंवा लीद मिसळून पायांनी तुडवतात. एखादा खडा राहिला, तरी सारे श्रम वाया जातात. चाकावर घटाचा काठ व गळा साधतो. पोट मात्र जाडच राहते. घट अर्धवट सुकला, की आत दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने हलके ठोके देत कुंभार ते पोट फुगवीत नेतो. मग सावलीत संथपणे वाळविणे आले. उतावीळपणे उन्हात ठेवलेला घट तडकतो. ओला राहिलेला आव्यात वाफेने फुटतो. भाद्रपदातील सर्द हवेत आकाशाकडे पाहत धीर धरणे, हेही त्याच्या कलेचेच अंग आहे.

खरी परीक्षा अग्नीची. गोवऱ्या, लाकूड व गवत यांच्या थरांत घट रचून आवा पेटवितात. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेली माती पुन्हा कधी चिखल होत नाही. परंतु ताप फार वाढला, तर मातीची सूक्ष्म छिद्रे मिटू लागतात. चिनी मातीच्या भांड्यांना १,२०० अंशांहून अधिक ताप लागतो व त्यांतून पाणी झिरपत नाही. आपल्या घटातून मात्र पाणी झिरपलेच पाहिजे! त्या ओलाव्यावरच भोवतालचे धान्य अंकुरते. दसऱ्याला आपण जे कोवळे तुरे मस्तकी धारण करतो, त्यांच्या मुळाशी कुंभाराने साधलेला अग्नीचा तोल असतो.

ही कला ईश्वरभक्तीशी एकरूप कशी होते, हे तेरच्या संत गोरोबाकाकांनी दाखविले. इ. स. १३१७ मध्ये ते समाधिस्थ झाले, अशी परंपरा आहे. संतमेळ्यात थापटण्याने एकेकाचे मस्तक पारखताना नामदेवांना त्यांनी कच्चे मडके ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. कच्चे व पक्के मडके दिसावयास फारसे निराळे नसते. टिचकी मारल्यावर नादच खरे काय ते सांगतो. गोरोबांनी परमार्थाची ही पारख आपल्या व्यवसायातूनच घेतली. आणि त्या एका शब्दाने नामदेव गुरूच्या शोधार्थ विसोबा खेचरांकडे गेले, हे त्या पारखीचे थोर फळ होय.

अलीकडे बाजारात तैलरंगाने रंगविलेले चकचकीत घट दिसतात. ते नेत्रांना सुखवितात. पण रंगाच्या लेपाने मातीची छिद्रे बुजतात आणि झिरपणे थांबते. ज्यांच्या कुळाचारात तांब्याचा कलश आहे, त्यांनी तो अवश्य पाळावा. परंतु मातीचा घट बसविणाऱ्यांनी तो रंगाविना, आव्यातून निघाला तसाच घ्यावा, वाजवून पारखावा आणि कुंभाराशी मूल्याची घासाघीस करू नये, अशी आमची नम्र विनंती आहे. त्याच्या घरचे चाक फिरते राहिले, तरच पुढच्या पिढ्यांच्या देवघरांत घट बसेल.

आज घटाला हळदकुंकू वाहताना एक अक्षत त्या अज्ञात हातांसाठीही वाहावी. जगदंबा त्यांवर प्रसन्न होवो!