घरच्या अंगणात मोटारीचे इंजिन उतरविताना

इ. स. २००६ च्या ऑगस्ट महिन्यात उकाई धरणाचे पाणी तापीत सोडण्यात आले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग जलमय झाला. हे आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष अनुभविले आहे. दुकानांतील माल, हिशेबाच्या वह्या, कापडाचे तागे यांच्या हानीची मोजदाद त्या वेळी प्रत्येकाने केली. दारातील मोटारीकडे लक्ष गेले ते गाळ उपसून झाल्यावर. अडाजण भागातील आमच्या अंगणात एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी होती. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झालेली. ओळखीच्या गॅरेजवाल्यांच्या दारीही भिजलेल्या मोटारींची रांग लागली होती. तेव्हा इंजिन घरीच उतरविण्याचे आम्ही ठरविले. त्या कामात जे समजले, ते वाचक बंधूंच्या उपयोगी पडेल अशा आशेने येथे देत आहे.

बुडालेली मोटार चालू करून पाहण्याचा मोह प्रथम आवरावयास हवा. सिलिंडरमध्ये दट्ट्या दाबतो ती हवा दबते. पाणी दबत नाही. हवेच्या जाळीतून पाणी आत शिरले असता स्टार्टर फिरविला, तर दट्ट्याला जोडलेला दांडा वाकतो. म्हणून आधी चारही प्लग काढावेत आणि पुढच्या कप्पीचा नट पान्याने धरून इंजिन हाताने हळूहळू फिरवावे. प्लगच्या छिद्रांतून पाणी उडून जाते. मग तळाचा बूच सैल करावा. तेलाहून पाणी जड, त्यामुळे ते आधी गळते व तेल मागाहून येते. ते दुधाळ दिसले तर दोघांची घुसळण झाली असे समजावे. इतक्यावर इंजिन मोकळे फिरू लागले, तर ते उतरविण्याचे कारणच उरत नाही. आमच्याकडे मात्र घरातीलच एका उतावीळ तरुणाने चावी फिरवून ठेवली होती. एक दांडा वाकला आणि इंजिन बाहेर काढणे भाग पडले.

सोडविण्याचे काम कष्टाचे असले तरी कठीण नाही. प्रथम बॅटरीची अर्थिंगची तार काढावी. दुसरी तार आधी काढू गेल्यास पाना मोटारीच्या पत्र्याला टेकून ठिणगी उडते आणि जवळच पेट्रोलची नळी असते. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती खडूने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे परत बसविताना ते वाकडे होत नाही. पुढे रेडिएटर, पेट्रोलची नळी (तिच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकावी), कार्ब्युरेटरची तार, डायनामोच्या व स्टार्टरच्या तारा, सायलेन्सरचा नळ असा क्रम येतो. निघालेला प्रत्येक बोल्ट कोठला, हे आम्ही वहीत टिपून डब्यांवर आकडे घातले. आपणां व्यापाऱ्यांस रोजमेळ लिहिण्याची सवय आहे; तिचा येथे फार उपयोग होतो.

खरा धोका वजनाचा आहे. इंजिन क्विंटलभराचे तरी आहे असे धरूनच चालावे आणि ते माणसांच्या हातांनी उचलू नये. चेनपुली भाड्याने मिळते. तिच्यावर किती टनांची ते लिहिलेले असते. परंतु ती टांगावयाची कशास? पुष्कळ जण सज्जाच्या तुळईस टांगतात. ती तुळई सज्जाचा भार पेलण्यासाठी असते, ओढ्याटांगण्यासाठी नव्हे. आम्ही जाड लोखंडी नळ्यांची तिपाई उभी केली आणि पाय फाकू नयेत म्हणून तिन्ही पाय खाली साखळीने बांधले.

गिअरबॉक्सचे खालचे बोल्ट काढण्यासाठी मोटारीखाली शिरावे लागते. आमचा भाचा जॅक लावून आत सरकणार, तोच शेजारी आलेल्या एका वृद्ध खानदेशी मिस्त्रींनी त्याचा पाय धरला. “भाऊ, आधी ओंडके सारा, मग पाना हाती घ्या,” ते म्हणाले. चार जाड लाकडी ओंडके आणून मोटार त्यांवर टेकविली. पाऊण तासाने फरशी खचली आणि जॅक चार बोटे खाली गेला. पुराच्या पाण्याने फरशीखालची माती वाहून गेली होती, हे वरून कोणासच दिसले नव्हते. मोटार ओंडक्यांवर होती, म्हणून जागची हलली नाही. भाचा तेव्हा खालीच होता.

यास्तव जॅक हा केवळ उचलण्यापुरता. आधार घोडीचा किंवा ओंडक्यांचा. विटा तर मुळीच नकोत, त्या न सांगता फुटतात. मागील चाकांस उटी लावावी आणि खाली शिरण्यापूर्वी मोटार हाताने हलवून पाहावी.

इंजिन गिअरबॉक्सपासून सरळ पुढे ओढावे. ते तिरपे लोंबू दिले तर त्याचा भार गिअरबॉक्सच्या दांड्यावर येऊन क्लचची तबकडी वाकते. ते वर उचलले जाताच मोटारीचा पुढचा भाग स्प्रिंगांमुळे आपोआप उंचावतो. त्यास घाबरू नये. मोटार मागे ढकलावी आणि इंजिन ताबडतोब खाली ठेवावे. टांगत्या इंजिनावर काम करू नये.

पुढच्या चाकांच्या गुंडाळी स्प्रिंगा आम्ही सोडविल्या नाहीत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. ते काम शिकाऊ हातांचे नव्हे. नव्या मोटारींविषयीही हेच म्हणावे लागेल. पुष्कळांत इंजिन आडवे असून गिअरबॉक्ससह खालून उतरते, गारव्याच्या यंत्रात दाबाखालील वायू असतो आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी तारांना हात लावणे जिवावर बेतू शकते.

दांडा बदलून इंजिन तिसऱ्या आठवड्यात परत बसले. दुसरे इंजिन घालावे असाही एक विचार निघाला होता. परंतु इंजिनचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो आणि बदल झाल्यास तो कार्यालयात नोंदवावा लागतो, म्हणून जुनेच राखले. पहिल्या दिवशी दहा मिनिटे चालवून तेल काढले, ते अजून फिके दुधाळ होते. दुसऱ्यांदा बदलले तेव्हा स्वच्छ निघाले.