नीटचा पेपर एकच, मुलं मात्र एकसारखी नाहीत

नीटचा निकाल लागला की पालक विचारतात, "सर, मुलगी हुशार होती ना?" हे "होती" ऐकलं की काळजात चर्र होतं. ती अजूनही हुशार आहे.

नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. पेपर सगळ्यांना एकच, म्हणून इन्साफ झाला असं वाटतं. पण 2017 चा पेपर दहा भाषांत होता, त्यात उर्दू नव्हती. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर 2018 पासून ती आली. आजही भाषांतरात घोळ असला तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. आणि क्लासची फी? ती भरू शकणारा पुढच्या वर्षी परत बसतो. रिक्षावाल्याच्या मुलीला घरचे म्हणतात, आता बीएस्सी कर.

परीक्षा नकोच, असं मी म्हणत नाही. ती गेली तर वशिला आणि डोनेशन टपलेलेच आहेत. पण तमिळनाडूने 2020 मध्ये सरकारी शाळांत शिकून नीट पास झालेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात 7.5 टक्के जागा राखल्या. परीक्षा तीच ठेवली, फक्त या मुलांची तुलना आपसांत केली. जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळांत शिकलेल्या आपल्या मुलांसाठी, उर्दू असो की मराठी, हीच मागणी घेऊन आमदारांकडे जायला हवं.